पावती फाडण्याआधी: देवळासाठी देणगी कुणाकडून घ्यावी, कुणाकडून नको

देणगी नाकारायची वेळ येते तेव्हा विचार करायला सवड नसते. समोर माणूस बसलेला असतो, टेबलावर काजूकतलीचा बॉक्स असतो, अध्यक्ष खूश असतात आणि सभामंडपाचं छत गळत असतं. अशा वेळी भल्याभल्यांच्या तोंडून 'नको' निघत नाही. म्हणून जे ठरवायचं ते पैसे यायच्या आधी ठरवा आणि प्रोसिडिंग बुकात लिहून ठेवा.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका लहान दत्तमंदिराच्या ट्रस्टची खजिनदार. त्याआधी सगळी नोकरी सहकारी बँकेत, बरीचशी कॅश काउंटरवर. तिथे नोटांचं बंडल पुढ्यात आलं की आधी मोजायचं आणि मग विचारायचं, कुठून आणलं. देवळात आल्यावर कळलं की इथे हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा. 'देवाला दिलंय, तुमचं काय जातंय?' अंबाबाई आणि जोतिबाच्या देवळांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती बघते. तिथे अधिकारी आहेत, ऑडिट आहे, वर्तमानपत्रांचं लक्ष आहे. गल्लीतल्या देवळाला मूठभर विश्वस्त, एक पुजारी आणि एक पावतीपुस्तक. मी लिहितेय ते अशा देवळांसाठी. पण मशीद, जैन बस्ती, चर्च, तालमीचा गणपती, कुणालाही यातलं उपयोगी पडेल ते घेता येईल.

आधी ठराव

ठराव लांबलचक नको. आमचा एका पानात मावला. ठरावीक रकमेवर रोख घ्यायची नाही. त्याहून मोठी देणगी आली तर खजिनदार, सचिव आणि तिसरा एक विश्वस्त यांनी पाहिल्याशिवाय पावती फाडायची नाही. देणगीमागे कसलीही अट असेल तर ती सभेपुढे मांडायची. नावाची पाटी लावायची की नाही, हे देणगीदाराने सांगायचं नाही. आणि एखाद्या विश्वस्ताचं देणगीदाराशी नातं किंवा धंद्याचे व्यवहार असतील तर त्या विषयापुरतं त्याने खोलीबाहेर बसायचं. हे शेवटचं कलम मंजूर करून घेताना सगळ्यात जास्त दमछाक झाली, कारण पेठेत कोण कुणाचा पाहुणा नाही? पण सगळ्यात जास्त कामाला आलं तेही हेच.

ठराव हवा तो कायद्यापेक्षा माणसांसाठी. कोल्हापुरात आज ज्याला नाही म्हणाल, त्याच्याच शेजारी उद्या लग्नात जेवायला बसायचं असतं. 'मला पटत नाही' म्हटलं की भांडण लागतं. 'आमचा ठरावच आहे अण्णा, सगळ्यांना तोच' म्हटलं की समोरचा निदान ठरावावर चिडतो. रकमेचा आकडा तुमच्या देवळाच्या वर्षाच्या जमेवरून ठरवा. आमच्याकडे मोठी वाटणारी देणगी महाद्वार रोडवरच्या एखाद्या ट्रस्टला किरकोळ वाटेल.

वाईट पैसा ओळखायचा कसा

हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाकडून दान घेऊ नये याची यादीच आहे, आणि त्यात खाटीक, तेली, कलाल आणि वेश्यांच्या जिवावर जगणारे एका ओळीत बसवलेत. आजही कुणी 'अशुद्ध पैसा' म्हणालं की बोट बहुतेक वेळा याच बाजूला वळतं: बारमध्ये गाणारी बाई, मटणाचं दुकान, देशी दारूचा परवाना. शाहू महाराजांच्या गावात राहून मला ही यादी वापरायची नाही. धर्माच्या नावाने माणसाला खालचं ठरवलं की काय होतं, हे या गावाने पुरेपूर पाहिलंय. खुद्द महाराजांना वेदमंत्रांचा हक्क नाकारला गेला, तो वेदोक्ताचा वाद याच पंचगंगेच्या काठी पेटला. माणसाचा धंदा बघून नाक मुरडणं सोपं असतं, कारण त्यात ज्याला नाकारतो तो गरीब असतो आणि ज्याला घेतो तो शेठ असतो.

मी वेगळा प्रश्न विचारते. या पैशाला दुसरा कुणी हक्कदार आहे का? म्हणजे असा माणूस, ज्याचे हे पैसे देणं आहे, ज्याला ते मिळालेले नाहीत, आणि ज्याचं नाव-गाव सांगता येतं. असा हक्कदार असेल तर तो पैसा देणगीदाराचा नाहीच. जे त्याचं नाही ते तो देवाला देणार कसं, आणि आपण घेणार कसं?

या एका प्रश्नाने निम्मे घोळ सुटतात. पतसंस्था बुडाली, ठेवीदार हेलपाटे मारतायत आणि संचालक कळसाला सोन्याचा मुलामा द्यायला निघालेत: हक्कदार ठेवीदार. घ्यायचं नाही. कारखान्याचा चेअरमन यात्रेचा अख्खा महाप्रसाद उचलतो म्हणतो आणि इकडे ऊस जाऊन दोन महिने झाले तरी बिल नाही. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ती थकलेली असेल तर महाप्रसादातला शिरा शेतकऱ्याच्या पैशाचा आहे, आणि तोच शेतकरी पत्रावळीवर बसून चेअरमनला हात जोडणार आहे. हे दृश्य आपल्या देवळात घडवून आणायचं का, एवढंच बघायचं. बिल्डरने पैसे घेऊन ताबा दिला नसेल, कंत्राटदाराने मजुरांचा पगार दाबला असेल, सख्ख्या बहिणीला वाटणीत डावललं असेल आणि आता आईच्या नावाने खोली बांधून देतो म्हणत असेल, सगळीकडे हाच प्रश्न. शेवटचं उदाहरण पेठेत सगळ्यात जास्त सापडतं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

आता बियर शॉपी. परवाना आहे, कर भरतो, दर नवरात्रात तेलाचा डबा आणून देतो. हक्कदार कोण? कुणी नाही. आम्ही घेतो, इतरांसारखीच पावती देतो. आमच्या अध्यक्षांना हे पटत नाही, त्यांनी विरोधी मत प्रोसिडिंगला नोंदवलंय आणि तो त्यांचा हक्क आहे. एखाद्या वारकरी फडाचा किंवा व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेचा नकार मला पूर्ण समजतो. तिथे दारूचा पैसा घेणं म्हणजे स्वतःच्याच शिकवणीवर बोळा फिरवणं. पण मग कारण तेवढंच सांगावं: आमच्या व्रतात बसत नाही. माणसाला घाण ठरवू नये.

मटक्याचं उत्तर या प्रश्नातून नीट निघत नाही, हे कबूल. आकडा लावणारा आपल्या हाताने लावतो. त्याचे पैसे परत देणं आहे असं म्हणता येत नाही. तिथे मी दुसरा प्रश्न विचारते: धंदा अजून चालू आहे का, आणि आपल्या देवळाचं नाव त्या धंद्याला उपयोगी पडणार आहे का? चालू बेकायदा धंद्याचा पैसा एकदा घेतला की तो दर वर्षी येतो. मग वर्षभराने कुठली तरी धाड पडते आणि आपल्याला फोन येतो: 'जरा साहेबांशी बोला की, तुमचं ऐकतात.' ज्याने तो धंदा सोडून दहा वर्षं झाली, आज रिक्षा चालवतो आणि अभिषेकाची पावती फाडतो, त्याला हे लागू नाही. त्याला जुनं काही विचारू नका.

पुढाऱ्यांचं थोडक्यात. देणगी निवडणुकीच्या तोंडावर आलीय का आणि खातं कुणाचं आहे, एवढंच बघा. पुढाऱ्याने कबूल केलेली रक्कम भलत्याच ठेकेदाराच्या खात्यातून आली तर तशीच परत पाठवा. ज्याचं नाव पावतीवर, त्याच्याच खात्यातून पैसा.

चौकशी किती करायची

पोलिसगिरी करायची नाही. आपलं काम कागद बघण्याचं, आणि बरेचसे कागद घरबसल्या दिसतात. बिल्डर असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्प आणि तक्रारी सापडतात. कोर्टातले दावे ई-कोर्ट्सवर नावाने शोधता येतात. फक्त कोल्हापुरात एकाच नावाची पाच माणसं निघतात, तेव्हा पत्ता जुळवल्याशिवाय तोंड उघडू नका. कारखान्यांची थकीत एफआरपी साखर आयुक्तालय जाहीर करतं. सावकारीचा परवाना आहे की नाही हे जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात कळतं. 2014 च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मनाला येईल तसं व्याज लावता येत नाही. मोठी देणगी असेल तर पॅन घ्या. पॅन मागितल्यावर ज्याचा उत्साह मावळतो, त्याची पुढची चौकशी करायची गरज उरत नाही.

आणि गल्ली? गल्लीला सगळं माहीत असतं. पण गल्लीला जे माहीत असतं त्यातलं निम्मं जुन्या भांडणातून आलेलं असतं. मी असा नियम ठेवलाय की ऐकीव गोष्टीवर चौकशी सुरू करायची, निर्णय करायचा नाही. निर्णयाला दोनपैकी एक लागतं: कागद, नाहीतर ज्याचं नुकसान झालंय तो माणूस स्वतः. 'लोक म्हणतात' हा शब्दप्रयोग प्रोसिडिंग बुकात येता कामा नये. ते बुक उद्या धर्मादाय कार्यालयात जाऊ शकतं, कोर्टातही जाऊ शकतं, आणि बदनामीचा दावा ट्रस्टवर होतो.

चौकशी झाली की दोन ओळी लिहा: काय बघितलं, काय ठरलं, आणि ही देणगी आपण मागितली की त्याने आपणहून दिली. शेवटचा भाग विसरू नका, त्याला कारण आहे. 1905 साली अमेरिकेत अमेरिकन बोर्ड नावाच्या मिशनरी संस्थेने तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांच्याकडून एक लाख डॉलर घेतले. वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या धर्मोपदेशकाने आणि त्यांच्यासारख्या इतरांनी आवाज उठवला की हा पैसा लोकांना नाडून मिळवलेला आहे, याने धर्मकार्य करू नका. देशभर वाद झाला. संस्थेचा आव असा की दान आपणहून चालून आलं, दाराशी आलेल्याला कसं परतवणार? नंतर बाहेर आलं की संस्थाच कितीतरी दिवस त्यांच्याकडे खेटे घालत होती. पैसे ठेवले ते ठेवलेच, पण वादातली सगळी शोभा या एका गोष्टीने झाली. हे बोर्ड आपल्याला अगदीच परकं नाही. नगरचं मराठी मिशन त्यांचंच, आणि 1852 साली कोल्हापुरात येऊन मिशनचं काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर हेही मुळात याच बोर्डाने हिंदुस्थानात पाठवलेले.

तर आपण कुणाच्या दारात गेलो होतो ते लिहून ठेवायचं. आपणच मागायला गेलो असू तर नंतर सोवळं नेसून बसता येत नाही.

रोकड आणि दानपेटी

हा भाग रुक्ष आहे, पण फसायला होतं ते इथेच. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारात, किंवा एकाच कार्यक्रमानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यात ही बंदी आहे. दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, आणि घेतलेल्या रकमेएवढा होतो. 'एक लाख नव्वद आज घ्या, एक लाख नव्वद परवा' असं सुचवणारा माणूस दत्तजयंतीच्या एकाच उत्सवासाठी देत असेल तर तुकडे करून सुटका नाही. देवळाच्या जोडीला दवाखाना किंवा शाळा चालवत असाल तर निनावी देणग्यांचा हिशेब वेगळा लागतो. मर्यादेपलीकडच्या निनावी रकमेवर 30 टक्के कर बसू शकतो. तुमच्या सीएला आजच विचारा, मार्चअखेरीला नको.

दानपेटीत कुणी काय टाकलं हे कळायचा मार्ग नाही आणि शोधूही नये. गुप्तदान ही चांगली रीत आहे. ज्याला नाव नको, मान नको, त्याने दिलेल्या दहा रुपयांना मी काय विचारणार? मात्र पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोघांकडे, उघडताना बाहेरचे दोन साक्षीदार, आणि मोजदादीचा कागद तिथल्या तिथे सह्या करून. पेटीत कधी रबरबँड लावलेली पुडकी सापडली तर ती वेगळी मोजा, वेगळी लिहा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली त्या आठवड्यात आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. जुन्या नोटा पेटीत पडू देत, देवळाच्या खात्यात भरल्या जाऊ देत, सवडीने निम्मे आम्हाला परत द्या, निम्मे देवाला. भाषा फार गोड होती. देवाला भागीदारीत घ्यायची ती एक रीत. देणगीतला एक रुपयासुद्धा देणाऱ्याकडे परत फिरणार असेल तर ती देणगी राहत नाही, आणि तुमचं देऊळ धोबीघाट होतं.

नाही म्हणायचं कसं

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते, कारण शब्द कसे लावायचे ते नुसत्या उपदेशातून कळत नाही. परिसरातला एक खाजगी सावकार. परवाना नाही, दरारा आहे. दर गुरुवारी दर्शनाला येतो, रांगेत उभा राहतो, वागायला नम्र. एका संध्याकाळी ऑफिसात आला.

"काकी, महाराजांना चांदीची प्रभावळ करायची म्हणतोय. हुपरीत बोलून ठेवलंय. पाच किलोपर्यंत जाईल."

"बसा दादा. चहा घ्या आधी." मी सचिवांना हाक मारून शेजारी बसवलं. "प्रभावळ सुंदरच होईल, हुपरीचं काम आहे. पण ट्रस्टला ती घेता येणार नाही."

"का ओ? मला पावती बी नको. नाव बी नको."

"पावती नको म्हटल्यावर तर आणखीच अवघड झालं."

"लोक काय बी बोलतात काकी. लोकांचं ऐकून तुम्ही..."

"लोकांचं सोडा. आपल्याच गल्लीतल्या दोन घरांचे कागद तुमच्याकडे आहेत. दोघंही मला येऊन सांगून गेलेत. मुद्दलाच्या वर फेडून झालंय तरी कागद सुटले नाहीत. ती माणसं रोज आरतीला उभी असतात. त्यांच्यासमोर ती प्रभावळ मी कशी लावू?"

"सह्या केल्यात त्यांनी. राजीखुशीने."

"केल्यात. त्याचं काय व्हायचं ते बाहेर होईल, मी वकील नाही. मी एवढंच म्हणते, ते कागद मोकळे करा. मग प्रभावळीचा नारळ फोडायला मी स्वतः हुपरीला येते."

चहा तसाच ठेवून गेला. काही महिने माझ्याकडे न बघता दर्शन घेऊन जायचा. कागद सुटले नाहीत. प्रभावळ दुसऱ्या एका देवळात बसली. मी बघून आले, काम खरंच छान आहे.

यातून घ्यायचं ते असं. चारचौघांत नाकारू नका, पण एकट्यानेही नाकारू नका. दुसरा माणूस शेजारी नसेल तर आठवड्यात गल्लीभर वेगळीच कथा फिरते. खोटं कारण सांगू नका. 'सध्या गरज नाही', 'जागा नाही' असं म्हटलं की तो गरज पडेल तेव्हा, जागा झाल्यावर पुन्हा येतो आणि तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. त्याचा पैसा पापाचा आहे असं म्हणू नका; ते ठरवणारे तुम्ही-आम्ही कोण? नेमकं एक कारण सांगा, तेच जे बुकात लिहिणार आहात. आणि पुढचा रस्ता दाखवा: देणं फेडा, कागद सोडा, पगार द्या, मग या. मुख्य म्हणजे त्याच्या दर्शनाला, प्रसादाला, पालखीला खांदा द्यायला हात लावू नका. पावती नाकारायचा हक्क ट्रस्टचा, देव नाकारायचा हक्क कुणाचाच नाही. पुजाऱ्यालाही हे नीट समजावून सांगा, नाहीतर उत्साहाच्या भरात तो तीर्थ द्यायलाच चुकायचा.

एका गोष्टीला मात्र मी सूट देते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा आमच्या सभामंडपात माणसं राहिली होती. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. ती ओलांडून पाणी वर चढत असताना भाकरीचा ट्रक कुणी पाठवला हे विचारत बसायचं नसतं. तयार अन्न, पाणी, औषधं, अंथरुणं घ्या, वाटा, नोंद करा. ट्रकवरचा फ्लेक्स तेवढा उतरवून ठेवा. रोख आणि धनादेश मात्र पूर ओसरेपर्यंत थांबू शकतात.

पाटी, शाल, आणि मागून येणारं पत्र

माझं मत असं की बहुतेक वाईट पैसा देवासाठी येत नाही, संगमरवरासाठी येतो. मोठ्या देणगीदाराला सांगून बघा: पैसे आनंदाने घेऊ, पावती देऊ, फक्त नाव कुठे लागणार नाही, आरतीचा मान नाही, उत्सवाच्या पत्रिकेत फोटो नाही. जो राहील तो राहू दे. आम्ही नावाच्या पाट्या सरसकट बंद केल्या तेव्हा देणग्या घटल्या, हे लपवत नाही. छताचं वॉटरप्रूफिंग एका हंगामात होणार होतं, ते लांबलं. अर्ध्या मंडपावर अजून ताडपत्री आहे. गल्लीतले एक गवंडी रविवारी येऊन मजुरी न घेता काम करतात, सिमेंट वर्गणीतून येतं. सभेत दर वेळी कुणीतरी त्या प्रभावळीची आठवण काढतं. दर वेळी मी ठराव वाचून दाखवते आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की ठरावाने पाऊस थांबत नाही. बरोबर आहे त्यांचं, थांबत नाही.

दान देऊन झाल्यावर काय मागितलं जातं त्यावरही नजर ठेवा. चार्ल्स कीटिंग नावाच्या अमेरिकन धनिकाने मदर तेरेसांच्या कामाला साडेबारा लाख डॉलर दिले होते. त्याच्या ताब्यातली बचत संस्था बुडाली, हजारो लोकांचे पैसे गेले, त्यात म्हातारी माणसं पुष्कळ. 1992 साली मदर तेरेसांनी न्यायाधीशांना पत्र लिहून त्याच्यासाठी दयेची विनंती केली. त्यावर खटल्यातल्या एका सरकारी वकिलाने त्यांना पत्र लिहिलं, त्याचा आशय असा: हे पैसे लुटलेले आहेत, ज्यांचे आहेत त्यांची गाठ मी घालून देतो, त्यांना परत करा. त्याला उत्तर आलं नाही, असं तो वकील सांगत असे. मदर तेरेसांच्या कामाबद्दल ज्याने त्याने आपलं मत ठेवावं. मला त्यातलं एकच घ्यायचंय: चारित्र्याचा दाखला, जामिनासाठी पत्र, तडजोडीसाठी मध्यस्थी यातलं काहीही ट्रस्टच्या लेटरहेडवर द्यायचं नाही, मग देणगीदार कितीही सज्जन असो. हेही ठरावात घाला.

घेऊन बसल्यावर कळलं तर

हे होणारच. 2009 साली कर्नाटकातल्या एका खाणमालकाने तिरुपतीच्या बालाजीला सुमारे 42 कोटींचा हिऱ्यांचा मुकुट वाहिला. 2011 साली बेकायदा खाणकामाच्या प्रकरणात त्याला सीबीआयने अटक केली आणि मुकुट परत द्या अशी मागणी सुरू झाली. एवढ्या मोठ्या देवस्थानाला हे चुकलं नाही, तर आपल्याला कसं चुकेल?

घाईने देणाऱ्याला परत करू नका. सगळ्यांना पहिली हीच बुद्धी होते आणि ती चुकीची आहे. एक तर ट्रस्टकडे जमा झालेली रक्कम ट्रस्टची असते, विश्वस्तांनी मनाला येईल तशी बाहेर काढली तर धर्मादाय कार्यालय जाब विचारेल. दुसरं, लुटलेला माल लुटणाऱ्याच्याच हातात परत दिला तर ज्याचं गेलं त्याला काय मिळालं? रक्कम शिल्लक असेल तर वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा, वस्तू असेल तर वजन-फोटोसह पंचनामा करून लॉकरमध्ये ठेवा, वितळवू नका, विकू नका. वकिलाच्या सल्ल्याने धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवा. ठेवी गोळा करून बुडवणाऱ्या कंपन्यांसाठी राज्यात 1999 चा ठेवीदार हितरक्षणाचा कायदा आहे. त्यांनी फुकट दुसऱ्याच्या हवाली केलेल्या मालमत्तेबद्दल कोर्ट त्या दुसऱ्यालाही नोटीस काढू शकतं. तशी नोटीस देवळाला आली तर अपमान समजू नका. हक्कदाराकडे पैसे जायचा तो सरळ रस्ता आहे.

पैसे खर्चून झाले असतील, फरशी बसून गेली असेल, तर फरशी उखडायची नाही. पाटी असेल तर सभेच्या ठरावाने उतरवा, कारण लिहा, आणि गावात त्याची जाहिरात करू नका.

एका दर्ग्याचे विश्वस्त माझ्या बँकेतले जुने खातेदार. त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली ती फार सोयीची वाटली. बँकेतल्या शिलकेवर व्याज येतं, ते धर्माने त्यांना चालत नाही, पण बँकेला परत देण्यातही अर्थ नाही. मग ते व्याज वेगळं लिहायचं, त्यातून नमाजाच्या जागेला काही लावायचं नाही, पुण्याची अपेक्षाही ठेवायची नाही. गरजूंना द्यायचं किंवा सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला. ज्या पैशाचा हक्कदार शोधूनही सापडत नाही, त्यासाठी आम्ही हीच वहिवाट उचलली. वकिलाला विचारून वेगळं खातं ठेवलंय. त्यातून गाभाऱ्यात काही जात नाही, गल्लीतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि दवाखान्याच्या बिलांना जातं.

विश्वस्त बदलले की हे सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून नाकारलेल्या देणग्यांची फाइल वेगळी ठेवा. नाव, तारीख, रक्कम, कारण, चौकशीचे कागद. किल्ली खजिनदाराकडे, झेरॉक्स सचिवाकडे. नवीन विश्वस्ताच्या निवडीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल केला की त्याच आठवड्यात त्याला फाइल वाचायला द्या आणि वाचल्याची सही घ्या. नाहीतर ज्याला तुम्ही दोन वर्षांपूर्वी चहा पाजून परत पाठवलं होतं, तो काजूकतली घेऊन नव्या माणसाकडे आलेला असतो.